हिवाळ्यात पाऊस पडला तर काय बिघडतं? रेनडिअर पाळणाऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला राहायला लागल्यापासून पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे साधारण तेच ते प्रश्न विचारतात. विमानतळावरून घरी येईपर्यंत ध्रुवीय प्रकाशाचे प्रश्न संपतात आणि मग गाडी रेनडिअरवर येते. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान.

रेनडिअर पाळतं कोण? तो सांताक्लॉजचा प्राणी ना?

सांताची गाडी ओढायला त्याला फार उशिरा जुंपलं. त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून उत्तर ध्रुवाच्या कडेकडेने राहणारे लोक त्याच्यावर जगत आलेत. आजही नऊ देशांत मिळून वीसहून जास्त आदिवासी समाज रेनडिअर पाळतात. माणसं जवळपास एक लाख आणि जनावरं सुमारे पंचवीस लाख. रशियाच्या उत्तरेला नेनेत्स, एवेंकी, चुकची, मंगोलियाच्या खुव्सगुल भागात दुखा, आणि आमच्या इथे सामी. सामी लोकांचा मुलूख म्हणजे साप्मी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प अशा चार देशांत तो वाटला गेलाय. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘लॅप’ म्हटलेलं आढळतं. तो शब्द त्यांना अपमानास्पद वाटतो, आपणही वापरू नये.

प्रत्येक सामी माणूस रेनडिअर पाळतो असं मात्र नाही. बहुतेक जण शिक्षक, नर्स, मच्छीमार, इंजिनियर असेच आहेत. पण नॉर्वे आणि स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क जवळपास पूर्णपणे सामींकडेच आहे आणि त्यांची भाषा, कपडे, जेवण सगळं त्या जनावराभोवती विणलेलं आहे.

म्हणजे आपल्याकडे गाई-म्हशी असतात तसा गोठा असतो का?

नाही. धनगराचा वाडा डोळ्यांसमोर आणा, तेही अर्धंच जुळेल, कारण मेंढ्या रात्री वाघरात कोंडता येतात. रेनडिअर वर्षातले बहुतेक दिवस मोकळा फिरतो. तो पूर्ण पाळीव नाही आणि पूर्ण रानटीही नाही. मालक कुठला ते कानावरून कळतं. पाडसाच्या कानाला सुरीने ठरावीक काप देतात आणि प्रत्येक मालकाची खूण वेगळी असते. पळत्या कळपातल्या जनावराचा कान लांबून पाहून ‘हे अमक्याचं’ म्हणून सांगणारे लोक इथे आहेत. मला जवळून दाखवला तरी कळत नाही.

काही कुटुंबं मिळून एकत्र कळप सांभाळतात, त्या गटाला सिइदा म्हणतात. हिवाळ्यात कळप किनाऱ्यापासून आत, नॉर्वेच्या उत्तर टोकाला असलेल्या फिनमार्कमधल्या कौतोकेइनो-कारासयोकच्या पठारावर असतो, कारण तिथे थंडी कोरडी असते आणि बर्फ हलका. वसंतात तो समुद्राकडे निघतो. मेच्या सुमारास पाडसं होतात. उन्हाळा किनाऱ्यावर नाहीतर बेटांवर काढायचा आणि शरद लागला की परत माघारी. काही कळप खाडी पोहून बेटावर जातात, काहींना बोटीने नेतात.

सगळीकडे बर्फ असतो, मग ते खातात काय?

दगडफूल.

चेष्टा नाही. गोडा मसाल्यात आपण जे दगडफूल टाकतो ते शास्त्राच्या भाषेत शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. रेनडिअर हिवाळाभर ज्याच्यावर जगतो तेही शैवाकच. जात वेगळी: फिकट पांढुरकं, बारीक फांद्याफांद्यांचं, जमिनीवर गादीसारखं पसरलेलं. हाताला कोरडं लागतं आणि बुटाखाली पापडासारखं मोडतं. त्यात प्रथिनं फारशी नसतात, पिष्ट भरपूर असतं. थंडीत अंगात ऊब ठेवायला तेच लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, हे दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. जळलं किंवा तुडवलं गेलं तर पुन्हा यायला दशकं जातात. दुसरी, त्याला मुळं नसतात. हवेतून आणि पावसातून मिळेल तेवढंच ते घेतं. म्हणूनच १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन किरणोत्सर्गी ढग इकडे आला तेव्हा पावसाबरोबर उतरलेलं सिझियम थेट दगडफुलात गेलं, तिथून रेनडिअरच्या मांसात, आणि स्वीडनमध्ये कापलेल्या जनावरांचं मांस ढिगांनी फेकून द्यावं लागलं. हवेत काही बिघडलं की सगळ्यांत आधी या लोकांच्या ताटात येतं ते असं.

थंडी कमी झाली तर जनावरांना आणि माणसांना बरंच ना?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. मीही पहिल्या वर्षी विचारला होता. समोरच्या आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग कॉफी ओतली.

रेनडिअरला थंडीचं भय नाही. त्याचा एकेक केस आतून पोकळ असतो. उणे तीस अंशांत तो निवांत बसून रवंथ करतो. खोल बर्फाचंही भय नाही. बर्फ भुसभुशीत असेल तर अर्ध्या मीटरहून खालच्या दगडफुलाचा त्याला वास येतो, आणि पुढच्या खुरांनी उकरून तो खातो. माद्यांनाही शिंगं असतात ती या दिवसांत कामी येतात. उकरलेल्या खड्ड्यावर गाभण मादी हक्क सांगते आणि बिनशिंगी झालेल्या नराला हुसकून लावते.

भय आहे ते पावसाचं. नोव्हेंबर-डिसेंबरात जमिनीवर बर्फ असताना मध्येच दोन दिवस पारा शून्याच्या वर जातो आणि पाऊस पडतो. पाणी बर्फातून झिरपून खाली जातं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उणे वीस. मग दगडफुलावर काचेसारखा थर बसतो. खूर घसरतो, नाकाला वास लागत नाही. चारा जागेवरच आहे, पण त्याला कुलूप लागलंय. नॉर्वेजियन पशुपालक याला शब्दशः ‘कुलूपबंद कुरण’ म्हणतात. हे कुलूप वसंतापर्यंत उघडत नाही, कारण पुढे पडणारा बर्फ त्याच्यावरच साचतो.

दुसरा प्रकार दिसत नाही म्हणून आणखी वाईट. जमीन गोठायच्या आधीच ओल्या, कोमट मातीवर जाड बर्फ पडतो. खाली दगडफूल दमटात सडतं आणि त्यावर बुरशी धरते. उकरून खाल्लं तरी अंगी लागत नाही, उलट जनावर आजारी पडतं.

आपल्याकडे ओला दुष्काळ म्हणतात ना, तसाच हा गोठलेला दुष्काळ. १९७९पासूनच्या नोंदी पाहिल्या तर ध्रुवाकडचा भाग जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय. ही वाढ हिवाळ्यात शून्य अंशाच्या आसपास येऊन घुटमळली की गोठणं-वितळणं-गोठणं हा खेळ सुरू होतो. उणे पंचवीसचं उणे वीस झालं तर कुणाचं काही जात नाही. उणे दोनचं अधिक दोन झालं, की गेलं.

असं खरंच झालंय का कुठे?

पश्चिम सैबेरियातल्या यमाल द्वीपकल्पावर झालं. नेनेत्स भाषेत यमाल म्हणजे ‘जमिनीचं टोक’. नोव्हेंबर २००६ मध्ये अशाच पावसानंतर तिथे सुमारे वीस हजार रेनडिअर मेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याहून मोठा फटका बसला. पाऊस एक दिवस-रात्र पडला, पाठोपाठ कडाक्याची थंडी, आणि बर्फाची चादर थेट वसंतापर्यंत तशीच. दोन लाख पंचाहत्तर हजारांपैकी एकसष्ट हजार जनावरं उपाशी मेली. जवळच्या बारेंट्स आणि कारा समुद्रांवर शरदात बर्फ कमी धरायला लागला, उघड्या पाण्याची वाफ हवेत आली आणि ती यमालवर पाऊस होऊन पडली, असा संबंध शास्त्रज्ञांनी दाखवलाय.

कळप गेला की कुटुंब जागेवर बसतं. नेनेत्स लोक स्लेजला रेनडिअर जुंपून तंबू हलवतात, तंबूचं आच्छादन रेनडिअरच्या कातड्याचं, अंगातला कोटही त्याचाच. जनावर नाही म्हणजे गाडी, घर, कपडे, जेवण एकदम नाही. कळप गमावलेली कुटुंबं मासेमारीवर आली आणि नातेवाइकांकडून उसन्या माद्या घेऊन त्यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

नॉर्वेतही २०२०च्या वसंतात फिनमार्कमध्ये चराईचं संकट जाहीर करावं लागलं होतं. चारा हेलिकॉप्टरने पोहोचवला.

एका जागी कुलूप लागलं तर कळप दुसरीकडे न्यावा. भटकेच आहेत ना ते?

पूर्वी तेच करत होते. एक कुरण बिघडलं तर डोंगरापलीकडचं, तेही नाही तर जुन्या जंगलात जायचं. जुन्या झाडांच्या फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं दगडफूल असतं. जमीन गोठली की तो आपत्कालीन साठा. आजोबांच्या काळी माणसं कुऱ्हाडीने फांद्या पाडून जनावरांना घालत.

आता डोंगरापलीकडे खाण आहे, धरण आहे, रस्ता आहे नाहीतर पर्यटकांचं रिसॉर्ट. जुनं जंगल तोडून तिथे लाकडासाठी दाट लागवड झालीय, तिच्या सावलीत दगडफूल येत नाही. स्वीडनमध्ये साठ वर्षांत दगडफुलाने समृद्ध असलेल्या जंगलांपैकी ७१ टक्के संपली. माझं मत विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. वाईट हिवाळे आधीही यायचे. सामी भाषेत उपासमारीच्या हिवाळ्याला ‘गोआव्वी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. पण पूर्वी पळायला जागा होती. ऋतू लहरी झाले आणि त्याच सुमाराला दारं बंद झाली.

त्यात हवामान वाचवायचे उपायसुद्धा त्यांच्याच जमिनीवर येतात. मध्य नॉर्वेत फोसेन इथे १५१ पवनचक्क्या हिवाळी कुरणांवर उभ्या केल्या. रेनडिअर त्यांच्या आसपास फिरकत नाहीत. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की या पवनचक्क्यांना दिलेल्या परवान्यांमुळे सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला. निकालानंतरही पाती फिरतच राहिली. पाचशे दिवस उलटले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण ओस्लोतल्या मंत्रालयात जाऊन बसले. हवामानासाठी लढणारी ग्रेटा थुनबर्गही त्यांच्यात होती. पुढे डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये दोन सिइदांशी तडजोडी झाल्या. पवनचक्क्या तिथेच आहेत. हवामान वाचवायला वीज हवी, हे या लोकांना कुणी शिकवायला नको. पण बिल दर वेळी आपल्याच दारात का येतं, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो मला रास्त वाटतो.

मग चारा विकत घालायचा. आपल्याकडे छावण्या असतातच की.

घालतात. पेंडीच्या गोळ्या, मुरघास, पोत्यात भरून आणलेलं दगडफूल. पण छावणीत उभी केलेली गाय गवतच खात असते. रेनडिअरचं कोठीपोट हिवाळ्यात दगडफुलाला सरावलेलं असतं. पोटातले जिवाणू बदलायला वेळ लागतो. अर्धपोटी जनावरापुढे एकदम कोरडं गवत टाकलं तर ते खातं आणि भरल्या पोटी उपाशी मरतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे खरं वाटलं नव्हतं.

शिवाय मोकळं फिरणारं जनावर चाऱ्यासाठी कुंपणात दाटीने आलं की साथी येतात. डोळ्यांचा संसर्ग पसरतो, तो वाढला तर जनावर आंधळं होतं. तोंडाला फोड येतात, पोट बिघडतं. रोज खाऊ घातलेला कळप माणसाळतो, रस्त्यावर आणि गावात शिरतो आणि वसंतात डोंगर चढायला कुरकुरतो. खर्चाचं तर विचारूच नका. गोळ्यांची पोती, ती वाहून न्यायला स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचं पेट्रोल, आणि रोज पहाटे उठून ती टाकणारा माणूस. तरण्या मुलाने धंद्यात यावं की नाही हा हिशेब बऱ्याच घरांत याच पोत्यांपाशी येऊन थांबतो.

उन्हाळा तरी सुखाचा जात असेल?

रेनडिअरला पंचवीस अंशांतच धाप लागते. जुलै २०२५ मध्ये फिनलंडमध्ये सलग तीन आठवडे रोज कुठे ना कुठे तापमान तीस अंशांवर जात होतं. उन्हापेक्षाही वाईट म्हणजे माश्या आणि डास. एक जातीची माशी केसांत अंडी घालते, अळ्या कातडीखाली शिरून पाठीवर गाठी करतात. दुसरी नाकात अळ्या सोडते. त्यांच्यापासून पळण्यात जनावराचा दिवस जातो आणि चरणं राहून जातं. उन्हाळ्यात चरबी साठली नाही तर हिवाळ्यात जगायचं कशावर?

पूर्वी डोंगराच्या खाचेत जुलैपर्यंत बर्फाचे पट्टे टिकायचे. कळप दुपारी त्यावर जाऊन उभा राहायचा, तिथे डास कमी. ते पट्टे आता लवकर वितळतात. २०१८च्या उन्हाळ्यात आमच्याकडचे रेनडिअर गारव्यासाठी रस्त्यांच्या बोगद्यांत जाऊन बसले होते आणि रस्ते खात्याने वाहनचालकांना ‘सावकाश चला’ म्हणून सूचना काढली. पर्यटकांनी फोटो काढले. त्याच उन्हाळ्यात स्वीडनमध्ये वणवे पेटले आणि हिवाळ्याचं दगडफूल उन्हाळ्यातच जळून गेलं.

रोगांची हद्दही सरकतेय. फिनलंडमध्ये २००३ ते २००५ दरम्यान डासांतून पसरणाऱ्या एका कृमीने रेनडिअरच्या पोटात दाह होण्याची मोठी साथ आली. उष्ण उन्हाळ्यांशी तिचा संबंध लावला गेलाय.

काहीच फायदा नाही का? गवत तर वाढत असेल.

वाढतं. वसंत लवकर आला तर हिरवा चारा लवकर मिळतो, पाडसं वजनदार होतात. लांबलेल्या शरदात बर्फ उशिरा पडला तर तोही फायदाच. पण त्याच उबेने झुडपं उंच होतात आणि दगडफुलाची जागा घेतात. एकाच कळपाला एक वर्ष छान जातं आणि पुढचं कंबरडं मोडतं. सरासरी काढली तर सगळं ठीक दिसतं.

माणसांच्या तब्येतीवर नेमका काय परिणाम होतो?

आधी शरीराचं. हा धंदा तसाही अपघातांचाच. पूर्वी स्की आणि स्लेज होती, १९६०च्या दशकात स्नोमोबाइल आली, नंतर चारचाकी मोटारसायकल. कुरणाला कुलूप लागलं की कळप दगडफूल शोधत चारी दिशांना पांगतो. दुसऱ्यांच्या कळपात मिसळतो, मग वेगळा करायला कुंपणात हाकायचा, एकेकाला फास टाकून ओढायचा. जिथे आठवड्यातून दोन फेऱ्या पुरायच्या तिथे रोज दहा-बारा तास गाडीवर. भुसभुशीत बर्फावर गाडी तरंगते, बर्फाळ टणक जमिनीवर प्रत्येक दणका मणक्यात जातो. भरीस भर म्हणजे स्नोमोबाइलचं इंजिन थंड राहतं ते पट्ट्याने उडवलेल्या भुसभुशीत बर्फामुळे. नुसत्या काचेवर ते तापतं आणि माणूस गावापासून चाळीस किलोमीटरवर अडकतो. पाठ, मान, खांदे दुखणारे आणि हँडलच्या थरथरीने बोटं पांढरी पडून बधिर होणारे पशुपालक इथे घरोघर भेटतील.

सगळ्यांत जीवघेणं म्हणजे गोठलेलं पाणी. तलाव, नद्या, खाड्या हेच हिवाळ्यातले रस्ते. कुठला तलाव कुठल्या आठवड्यात गाडी पेलतो हे बापाकडून मुलाला कळायचं. आता तलाव उशिरा गोठतात, मध्येच पाऊस पडून वरून नवा बर्फ पडला की खालचा थर पातळ आहे ते दिसत नाही. गाडीसकट माणूस आत जातो. यमालमध्ये नेनेत्सांना हिवाळी कुरणांकडे जायला ओबच्या आखातावरून जावं लागतं. बर्फ उशिरा धरला की कळप अलीकडेच अडकून पडतो आणि तिथला चारा संपतो.

जेवणावरही येतं. कडक थंडीच्या हवेत उघड्यावर मांस वाळवायची इथे रीत आहे, आपल्या वाळवणासारखी. हवा दमट झाली की मांस वाळायच्या ऐवजी बिघडतं.

अँथ्रॅक्सची बातमी वाचली होती. ती याच्याशी संबंधित आहे का?

हो. आपल्याकडे पशुवैद्य ज्याला काळपुळी म्हणतात आणि गावाकडे फाशी म्हणतात तोच रोग. त्याचे जिवाणू मातीत बीजाणू होऊन दशकानुदशकं पडून राहू शकतात. २०१६च्या उन्हाळ्यात यमालवर पारा ३५ अंशांपर्यंत गेला. कायम गोठलेली जमीन नेहमीपेक्षा खोलवर वितळली आणि तिच्यातल्या जुन्या संसर्गाला वाट मिळाली. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले, कित्येक नेनेत्स कुटुंबांना तंबूतून उचलून रुग्णालयात हलवलं, आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. त्या भागात आधीची साथ १९४१ सालची.

सगळा दोष उन्हाच्या माथी मारू नका. ‘आता रोग राहिला नाही’ म्हणून २००७ मध्ये तिथे रेनडिअरना लस देणं बंद केलं होतं. साथीनंतर पुन्हा सुरू केलं. जमीन वितळली हे खरं, आणि लस थांबवली हेही खरं.

आणि मनावर?

याबद्दल लोक कमी बोलतात. सामी पुरुष तर फारच कमी. स्वीडनमधल्या पाहण्यांत रेनडिअर पाळणाऱ्या सामींमध्ये चिंता आणि नैराश्याची लक्षणं इतरांपेक्षा जास्त आढळली आहेत. तरुणांमध्ये जीव द्यावासा वाटण्याचे विचारही. एकट्या हवामानाने हे होत नाही. जमिनीसाठीचे खटले, लांडगे आणि वुल्व्हरिनसारख्या शिकारी जनावरांचे हल्ले, शेजारच्या गावातून ऐकावे लागणारे टोमणे, आणि ‘आपल्या हातून हे संपलं तर?’ ही टांगती तलवार, सगळं एकत्र येतं. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला हे जास्त फोड करून सांगायची गरज नाही.

ओळखीच्या एका बाई म्हणाल्या, त्यांना जानेवारीत रात्री छपरावर पावसाचा आवाज आला की झोप लागत नाही. नवरा पलीकडच्या कुशीवर जागाच असतो, दोघंही काही बोलत नाहीत. सकाळी तो काठी घेऊन बाहेर जातो आणि बर्फात खुपसतो. भुसकन आत गेली तर ठीक. मध्येच ‘टक्’ वाजलं, की तो परत येऊन बूट न काढताच खुर्चीत बसतो.

कारासयोकला सामी लोकांसाठी मानसिक आरोग्याचं वेगळं केंद्र आहे, तिथे सामी भाषेत बोलता येतं. हे फार महत्त्वाचं, कारण दुभाष्याला आधी ‘कुलूपबंद कुरण’ समजावून मग आपलं दुःख सांगायचं म्हणजे दुप्पट थकवा.

पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्यांना हवामान आधी ओळखता येत नाही?

येतं, म्हणजे यायचं. नॉर्वेच्या सामी संसदेचे पहिले अध्यक्ष ओले हेन्रिक मग्गा मुळात भाषाशास्त्रज्ञ. बर्फ आणि हिमासाठी सामी भाषेत पावणेदोनशेच्या घरात मूळ शब्द असल्याचं त्यांनी मांडलंय. हे शब्द कवितेसाठी जमवलेले नाहीत, ती कामाची हत्यारं आहेत. ‘सेआंगाश’ म्हणजे तळाशी साखरेसारखा दाणेदार सुटा बर्फ, खुराने सहज सरकणारा. ‘चुओहकी’ म्हणजे कुरणावर बसलेला बर्फाचा थर, म्हणजे आपलं कुलूप. आणि ‘गुओहतुन’ म्हणजे बर्फातून चरता येण्याजोगी परिस्थिती. एका शब्दात बर्फ, चारा, जनावर आणि नशीब सगळं आलं. मराठीत मी बरेच दिवस शोधतोय, ‘चराई’ने भागत नाही.

अडचण अशी, की हे ज्ञान ‘अमुक झालं की तमुक होतं’ या भरवशावर उभं होतं. आता अमुक होतं, पण पाठोपाठ तमुक येत नाही. म्हातारी माणसं सल्ला द्यायला कचरतात. जीपीएसचे पट्टे गळ्यात आलेत, ड्रोन आलेत, तरुण पोरं मोबाइलवर कळप पाहतात. त्याने जनावर कुठे आहे ते कळतं. त्याच्या पायाखाली काय आहे ते कळायला अजूनही काठीच लागते.

आपल्याकडच्या धनगरांशी तुलना होते का?

मर्यादेतच. पण डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला आणि उघड्यावर बसलेल्या मेंढ्या शेकड्यांनी दगावल्या, हे आठवतं का? इथल्या एका पशुपालकाला ते सांगितलं. त्याने महिना विचारला. मेंढ्या किती मेल्या हे नंतर विचारलं.

आम्ही पुढच्या हिवाळ्यात येतोय. रेनडिअरच्या गाडीत बसलं तर चालेल का?

चालेल, सामी कुटुंब स्वतः चालवत असेल तिथे जा. बऱ्याच घरांना वाईट वर्षात तोच आधार असतो. रस्त्यावर कळप दिसला तर हॉर्न वाजवू नका, गाडी थांबवा. हिवाळ्यात जनावराला पळायला लावणं म्हणजे त्याची चरबी जाळणं. कुत्रा सोबत असेल तर बांधून ठेवा.

आणि एक प्रश्न कृपा करून विचारू नका: ‘तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत?’ आपल्याकडच्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडात तो पहिला येतो. इथे तो ‘बँकेत किती आहेत?’ असं अनोळखी माणसाला विचारण्यासारखा आहे. समोरचा हसून ‘झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत’ असं काहीतरी म्हणेल आणि गप्प होईल. बोलतं करायचं असेल तर विचारा, ‘यंदा गुओहतुन कसं आहे?’ उच्चार चुकला तरी चालतो. मात्र हातात वेळ ठेवा, उत्तर लांबतं.